नोकरी एका वाटेला, पीएच.डी. दुसऱ्या वाटेला

आमच्या गटातल्या एक ताई दवाखान्यात सिस्टर आहेत, बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या. त्यांना पीएच.डी. करायची आहे, आणि तीही जात्यावरच्या अहिराणी ओव्यांवर. घरी विषय निघाला तशा सासूबाई म्हणाल्या, “नोकरी शे ना तुले, मंग हाई कसाले?” प्रश्न रास्त आहे. आज त्यावरच बोलू या.

पीएच.डी. म्हणजे पाठांतराची मोठी परीक्षा नव्हे. कुणी पुरता न उलगडलेला एखादा प्रश्न धरायचा, पुरावे गोळा करायचे, प्रबंध लिहायचा आणि जाणकारांसमोर तो टिकवायचा. हे काम पोटापाण्याच्या धंद्याशी जुळलंच पाहिजे असं नाही.

आपल्याच तालुक्यातलं बघा. पाटणादेवीला आपण सगळ्याच जातो. तिथला जुना शिलालेख १८६५ साली विद्वानांपुढे मांडला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. हे औषध देणारे डॉक्टर, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेले. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते जुने लेख आणि पोथ्या वाचत. त्या लेखातून कळतं, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावरचा हिस्सा मठाला दिलाय, शिवाय दर घाण्यामागे पळीभर तेल. घाण्याच्या तेलावर गणिताची शाळा चालली, बायांनो! भाऊ दाजींनी हे पीएच.डी.साठी केलं नव्हतं, पण काम त्याच जातीचं.

आता खरी पीएच.डी. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांचं गाणं तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल. जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गायिकेने पीएच.डी. केली जीवरसायनशास्त्रात, भाभा अणुसंशोधन केंद्रात. आयुष्य मात्र गाण्याला दिलं. ते शिक्षण वाया गेलं, असं आम्हाला तरी वाटत नाही.

तरी ताईंना आम्ही स्पष्ट सांगितलं: पगारवाढीसाठी करणार असाल तर करू नका. नर्सिंगच्या नोकरीत ओव्यांच्या पीएच.डी.ने बढती मिळेल असं धरून चालू नये. नुसतं नावापुढे ‘डॉ.’ लागावं म्हणूनही नको. पैसे घेऊन ‘मानद डॉक्टरेट’ वाटणारे, प्रबंध लिहून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

आता वाट. विषय बदलला, की सहसा आधी त्या विषयाचं एम.ए. करावं लागतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून ते नोकरी सांभाळून घरून करता येतं. त्यात ५५ टक्के गुण हवेत; अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. मग प्रवेश परीक्षा, मुलाखत, आणि मार्गदर्शक. आपल्या भागाचं विद्यापीठ जळगावला आहे, आणि त्याला नाव अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंचं.

२०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते. कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. घरबसल्या, टपालाने पीएच.डी. मिळत नाही, कुणी देतो म्हणाला तर खोटं समजा. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुन्हा नोंदणी केली तर २ वर्षं वाढतात, आणि बायांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. ही सवलत अर्ज करून मागावी लागते.

खर्चाचंही बोलायला हवं. दरवर्षीची फी, मार्गदर्शकांकडच्या फेऱ्या, टंकलेखन, छपाई. नोकरीवालीने शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवू नये. आणि सगळ्यात महाग पडते ती रोजची दोन तासांची जागा. घरातल्यांनी ती मोकळी करून दिली नाही, तर तिसऱ्या वर्षी वह्या माळ्यावर जातात.

ताईंनी सध्या एम.ए.चा अर्ज भरलाय. ओव्या शोधायला त्यांना लांब जावं लागणार नाही. सासूबाईंनाच कितीतरी येतात. त्या सांगायला बसतील का, हे अजून ठरायचंय.