आग राखून खेळावी

पोकेमॉन खेळायला लागलेल्या प्रत्येकाला आगीचा प्राणी आधी हवा असतो. हिशोबही सोपा वाटतो. आग गवत, बर्फ, किडे आणि पोलाद जाळते; पाणी, जमीन आणि खडक तिला भारी पडतात. जोडी अनुकूल असेल तर वार दुप्पट बसतो, प्रतिकूल असेल तर निम्मा. आगीच्या प्राण्यानं आगीचीच मूव्ह मारली, तर त्यावर आणखी दीडपट. 80 ताकदीची मूव्ह अशा रीतीनं पोलादावर 240 ची होते. एवढं कळलं की नवा खेळाडू समोर येईल त्याला जाळत सुटतो आणि पाच-सहा टर्नमध्ये त्याचा आगीचा प्राणी आडवा पडलेला असतो.

लातूरला बारावी आणि नीटची तयारी करणारा माझा पुतण्या तसं खेळत नाही. ट्यूशन एरियातल्या त्याच्या खोलीवर रविवारची टेस्ट आटोपली की फोनच्या ब्राउझरवर ‘पोकेमॉन शोडाउन’ उघडतं. त्याला गेमिंगचं यंत्र लागत नाही की पैसे लागत नाहीत. पलीकडे असतो माझा भाचा, नांदेडच्या विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करणारा. दोघांचा फोन स्पीकरवर चालू आणि लढाई स्क्रीनवर. मी शेजारी बसून बघतो, अधूनमधून विचारतो.

खरा खेळ लढाईच्या आधीच सुरू होतो. संघात सहा प्राणी, प्रत्येकाला चार मूव्ह आणि एक वस्तू. शिवाय प्रत्येकाला 510 गुणांचं भांडवल मिळतं. ते तब्येत, हल्ला, बचाव, वेग यांत वाटायचं. एका खात्यात 252 च्या वर टाकता येत नाहीत. पुतण्याचा आगीचा प्राणी म्हणजे स्केलेडर्ज, आग आणि भूत असा दुहेरी प्रकार असलेली मगर. 2022 च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या खेळांतून तो आला. त्याचं भांडवल पुतण्यानं हल्ल्यात घातलंच नाही, तब्येतीत आणि बचावात घातलं. आगीचा प्राणी आणि बचाव कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, “काका, मारायचं नंतर बघू. आधी त्याला मैदानात येता आलं पाहिजे ना.”

येणं हीच मुख्य अडचण. विरोधकानं एकदा ‘स्टेल्थ रॉक’ टाकले की मैदानात येणाऱ्या प्रत्येक प्राण्याला खडक टोचतात, आणि खडक आगीला भारी. निव्वळ आगीच्या प्राण्याची पाव तब्येत पाय ठेवताच जाते. कार्टूनमुळे सगळ्यांचा लाडका असलेला चारिझार्ड आग आणि उडणारा असा दुहेरी, म्हणून त्याची थेट निम्मी जाते. दोनदा आत आला की संपला. 2019 च्या खेळांत ‘हेवी-ड्यूटी बूट्स’ आले आणि हे चित्र पालटलं. बूट असले की खडक टोचत नाहीत. स्केलेडर्जच्या पायात तेच आहेत. पण समोरच्यानं ‘नॉक ऑफ’ मारून बूट पाडले, की पुन्हा पहिले दिवस. म्हणून पुतण्या आगीच्या प्राण्याला पाण्याइतकंच ‘नॉक ऑफ’पासूनही जपतो.

मी पाहिलेल्या लढाईत भाच्याच्या ग्रेट टस्कनं सुरुवातीलाच खडक टाकले. मग त्यानं रिलाबूम आणला. गवताचा, हातात ‘चॉइस बँड’. या पट्ट्यानं हल्ला दीडपट होतो, पण एकदा निवडलेली मूव्हच पुन्हापुन्हा मारावी लागते. बदलायची तर प्राणी माघारी न्यायचा. रिलाबूम ‘वुड हॅमर’मध्ये अडकल्याचं दिसताच पुतण्यानं स्केलेडर्ज आत घेतला. गवताचा वार आगीवर निम्माच. आता रिलाबूमला पळणं भाग होतं, म्हणजे पुतण्याला एक टर्न फुकट मिळाला.

माझ्यासारख्यानं इथं आग ओकली असती. पण पळणाऱ्याच्या जागी कोण येणार, हा प्रश्न त्यानं आधी सोडवला. आगीला मारायला जमिनीचा ग्रेट टस्क येणार हे उघड होतं. त्यानं ‘विल-ओ-विस्प’ दाबलं. या मूव्हनं थेट इजा होत नाही, समोरचा भाजतो. भाजलेल्याचा शारीरिक हल्ला निम्मा होतो आणि दर टर्नला तब्येतीचा सोळावा हिस्सा गळतो. ग्रेट टस्क आला आणि भाजला. पुढच्याच टर्नला स्केलेडर्ज माघारी गेला आणि उडणारा कॉर्व्हिनाइट समोर आला. जमिनीचा वार त्याला लागतच नाही. पलीकडून आवाज आला, “आत्ताच कामून काढायलास बे त्याला?” पुतण्या नुसता हसला.

जोड्यांच्या लढाईत, म्हणजे दोन विरुद्ध दोन, हीच रीत आणखी ठळक होते. जागतिक स्पर्धा याच प्रकारात होतात. तिथं आगीचं दुसरं टोकही दिसतं. टॉर्कोल हे कासव मैदानात येताच ऊन पाडतं, उन्हात आग दीडपट होते. तब्येत पूर्ण असताना त्याच्या ‘इरप्शन’ची ताकद 150. प्रकाराचे दीडपट, उन्हाचे दीडपट, आणि वार दोघांवर वाटला जातो म्हणून पाऊणपट करूनही सुमारे 253 उरतात. पण तब्येत घटली की इरप्शनही घटतं. टॉर्कोल अतिशय मंद, म्हणून सावकाश प्राणी आधी चालतील अशी ‘ट्रिक रूम’ कुणीतरी आधी लावून द्यावी लागते. हा आगीचा भडका खरा, पण त्याच्यासाठी सगळा संघ राबतो.

याउलट इन्सिनरोर. 2016 मध्ये आलेला हा आग-अंधार प्रकारचा वाघ वर्षानुवर्षं मोठ्या स्पर्धांत ठाण मांडून आहे, आणि त्याची कमाई जाळण्यातून फारशी होत नाही. आत आला की समोरच्या दोघांचा हल्ला दोन-तृतीयांशावर येतो. पहिल्या टर्नला ‘फेक आउट’नं एकाला दचकवून त्याची पाळी बुडवतो. मग ‘पार्टिंग शॉट’नं आणखी दुबळं करून स्वतः निघून जातो, पुन्हा येऊन तेच करायला. समोरच्याला मात्र आग आहे हे धरूनच चालावं लागतं, आणि पोलादाचा किंवा गवताचा प्राणी बाहेर काढताना तो दहादा विचार करतो.

लातूर-नांदेडच्या लढाईचा निकाल शेवटच्या प्राण्यावर आला. भाच्याकडे उरला किंगॅम्बिट, अंधार आणि पोलाद. संघातला एकेक सोबती पडत जाईल तसा हा बळावतो, म्हणून तो शेवटासाठीच राखलेला असतो. समोर थकलेला स्केलेडर्ज. आग पोलादावर दुप्पट, अंधार भुतावर दुप्पट. सरळ वाटणारी चाल म्हणजे आगीचं ‘टॉर्च साँग’. पण किंगॅम्बिटकडे ‘सकर पंच’ होता. समोरचा हल्ला करणार असेल तरच हा ठोसा लागतो, आणि मग तो आधी लागतो. आगीची मूव्ह निवडली असती, तर ती सुटण्याआधीच स्केलेडर्ज गेला असता.

पुतण्यानं पुन्हा विल-ओ-विस्प निवडलं. तो हल्ला धरला जात नाही, म्हणून सकर पंच हवेत. भाचा दुसरा कुठला वार करणार असता, तरी वेगात स्केलेडर्ज पुढे. आधी भाजून वार निम्मा झाला असता. तलवार-नाच करून हल्ला वाढवला असता, तर स्केलेडर्ज अशा वाढी मोजतच नाही, तो त्याचा उपजत गुण. धोका एकच: ही मूव्ह 100 पैकी 85 वेळाच लागते. निगेटिव्ह मार्किंगमध्ये दोन पर्याय कटल्यावर गोळा भरायचा की नाही, तसा हा निर्णय, आणि त्याची या पोराला सवय आहे. मूव्ह लागली. पुढं सकर पंचाच्या पाळीला ‘स्लॅक ऑफ’नं तब्येत भरायची, भाच्यानं चाल बदलली की आग सोडायची. किंगॅम्बिट गळत गळत पडला.

अर्थात भाचा गप्प बसणारा नाही. एका लढाईत एका प्राण्याचा प्रकार बदलता येतो, त्याला ‘टेरा’ म्हणतात. या वेळी त्यानं तो ड्रॅगनाइट या दुसऱ्या प्राण्यावर आधीच खर्चला होता, आणि पुतण्यानं तोवर वाट पाहिली होती. फोनवरच भाच्यानं जाहीर केलं की आता किंगॅम्बिटचा टेरा आगीचा ठेवणार, कारण आगीचा प्राणी भाजत नाही. पुतण्याचं उत्तर तयार होतं: “ठेव की दादा. पोलाद सोडून आग झालास तर तुला पाणी लागतंय.” आणि संघातला पाचवा प्राणी काढून तो पाण्याचा शोधायला लागला.