तासिका तत्त्वावरचा दिवस

पहाटे पाच. अंबाजोगाईतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत वाचायला मिळतो तो हाच वेळ. टेबलावर सध्या मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' आहे. द्वितीय वर्षाला मध्ययुगीन वाङ्मयाचा पेपर, त्यात मुकुंदराज. परंपरेनं या ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 सांगितला जातो. अभ्यासकांमध्ये त्यावर जुना वाद आहे. वर्गात हा वाद पाच मिनिटांत सांगून होतो, पण प्रामाणिकपणे सांगायचा तर दोन्ही बाजू मुळातून वाचाव्या लागतात. पुस्तकं विकत घ्यावी लागतात, नाहीतर कुणाकडून मागून आणावी लागतात. या वाचनाची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. मला पैसे मिळतात ते वर्गात उभं राहण्याचे.

सव्वासात. बसस्थानक. महाविद्यालय तालुक्याच्या गावी, एसटीनं तासाभराच्या अंतरावर. मी तिथं 'सीएचबी'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आहे. सेट ही राज्य पात्रता परीक्षा झाली, पीएचडी झाली. तरी दर वर्षी सत्र सुरू होताना नव्यानं अर्ज करायचा, मुलाखत द्यायची आणि सत्र संपलं की आपोआप कार्यमुक्त व्हायचं. पदवीच्या एका तासिकेचा दर आधी 625 रुपये होता, 2023 मध्ये तो 900 झाला. माझ्या वाट्याला आठवड्याला नऊ तासिका येतात. सुट्टी आली की तास बुडतो आणि तासाबरोबर पैसेही. शेजारच्या टेबलावर बसणारा पूर्णवेळ सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 च्या मूळ वेतनावर रुजू होतो. त्यावर भत्ते आणि बारा महिन्यांचा पगार. त्याला तो मिळतो याबद्दल मला काडीची असूया नाही, तो मिळायलाच हवा. पात्रता तीच, पेपर तोच, विद्यार्थी तेच, तर मग वेतनात एवढी दरी का, एवढंच मला विचारायचं आहे.

साडेनऊ. वर्ग. पटावरच्या निम्म्याहून कमी मुलं समोर आहेत. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावांतून टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे घरातल्या कर्त्यांना जावंच लागतं. काही मुलं सोबत जातात, काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. हंगाम संपेपर्यंत वर्ग असाच विरळ असतो. म्हणून महत्त्वाचा भाग मी दिवाळीआधी शिकवून घेते आणि उन्हाळ्यात, परीक्षेच्या तोंडावर, परतलेल्या मुलांसाठी तो पुन्हा घेते. त्या दुसऱ्या वेळेचे पैसे मिळत नाहीत.

आज ओवी. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळच्या डोंगरात आहे, पावसाळ्यात धबधबा बघायला ही मुलं तिकडं जातात, फोटो काढतात. आपण जिथं फोटो काढला तिथल्याच कवीचा ग्रंथ अभ्यासाला आहे म्हटल्यावर मुलं सावरून बसतात. मग दासोपंतांचा विषय निघतो. त्यांनी कापडावर लिहिलेली पासोडीही अंबाजोगाईचीच. ग्रंथातल्या ओवीचे साडेतीन चरण मी फळ्यावर मांडले. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझी आजी जात्यावर म्हणते ती ओवी अशी नसते." तिला म्हणायला लावलं. आधी लाजली, मग म्हणाली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्या लिहून ठेवल्या, याची माहिती दिली आणि तिला सांगितलं, आजीच्या ओव्या वहीत उतरवून आण, कुणाची, कुठल्या गावची, कशावर म्हटली, तेही लिही. हा संशोधनाचाच पहिला धडा आहे आणि तो मला त्या वर्गातच देता येतो. तिच्या वहीतून पुढं प्रकल्प उभा राहू शकतो. पण पुढच्या जूनला मी इथं असेन की नाही हे मला माहीत नाही. मार्गदर्शक म्हणून तिच्या मागं दोन-तीन वर्षं उभं राहायचं तर शिक्षक जागेवर असावा लागतो.

साडेअकरा. स्टाफरूम. 'नॅक'च्या मूल्यांकनाचं काम चालू आहे. मागच्या पाच वर्षांच्या कार्यक्रमांचे अहवाल, छायाचित्रं, सह्या. मराठी विभागाची फाइल माझ्याकडे आहे. विभागातले एक सर मागच्या वर्षी निवृत्त झाले, त्यांचं पद भरलं गेलं नाही. त्यांचं वर्कलोड तासिकांमध्ये तोडून आम्हा दोघांना वाटलं. महाराष्ट्रभर मराठी विभाग असेच आटत चालले आहेत. पद मोकळं होतं, भरतीला मान्यता मिळायला वर्षं जातात, तोवर तासिकांवर काम भागतं, आणि काम भागतं आहे म्हणून पद भरायची घाई कुणालाच राहत नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर-मायनर आलं. मराठी मेजर घेणारी मुलं कमी झाली की वर्कलोड घटतं, आणि वर्कलोड घटलं की मंजूर पदावरच गदा येते. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत मी बारावी झालेल्या मुलांच्या घरी जाते, मराठी घ्या म्हणून सांगते. आईबाप विचारतात, मराठी घेऊन नोकरी लागते का? मला स्वतःला लागलेली नाही हे त्यांना ठाऊक असतं.

दोन. डबा, परतीची एसटी.

चार ते सहा. अंबाजोगाईतल्या एका खासगी क्लासमध्ये पोलीस भरतीच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. समास, प्रयोग, अलंकार, चार पर्यायांतून एक उत्तर. हे काम मी मनापासून करते, कारण पहाटे मैदानावर धावून आलेली ही मुलं फार कष्टाळू आहेत. क्लासचे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतात. महाविद्यालयाचं बिल प्राचार्यांकडून सहसंचालक कार्यालयात जातं, त्रुटी निघून परत येतं, पुन्हा जातं, आणि कित्येकदा सत्र संपत आलं तरी पहिल्या महिन्यांचं मानधन जमा झालेलं नसतं. खोलीचं भाडं क्लासवर चालतं. व्याकरण शिकवून मिळालेल्या पैशांवर मी साहित्य शिकवते आहे.

रात्री नऊ. लॅपटॉप. एका संस्थेची जाहिरात आली आहे, अर्ज भरायचा आहे. नियम इतके बदलले की प्रत्येक अर्जाआधी ते पुन्हा वाचावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनं विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी अनिवार्य होणार असं सांगितलं, ते 2021 वरून 2023 वर गेलं, आणि जुलै 2023 मध्ये ती अटच मागं घेतली. शोधनिबंध आयोगाच्या केअर यादीतल्या नियतकालिकात हवेत म्हणून आम्ही वर्ष-वर्ष वाट पाहून ते छापून आणले. 2025 च्या फेब्रुवारीत ती यादीच बंद झाली. मुलाखतीच्या दारापर्यंत गेलं की बाहेर बसलेले उमेदवार हलक्या आवाजात आकडे बोलतात, कुठल्या जागेचा किती लाखांचा भाव आहे ते. माझ्याबरोबर सेट झालेला एक मित्र हे ऐकूनच बाहेर पडला. आज तो विम्याची कामं करतो आणि कविता लिहिणं त्यानं सोडलं आहे. तो वर्गात गेला असता तर किती मुलं वाचती झाली असती, याचं मला फार वाईट वाटतं.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दिवशी मलाही आनंद झाला, आजही आहे. लीळाचरित्रापासून गाथेपर्यंत हे धन आहे, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती देण्याचं मोठं ठिकाण म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातला मराठीचा वर्ग. तिथली मंजूर पदं भरा. ती भरेपर्यंत तासिकांवरच्या शिक्षकांना बारा महिन्यांचं ठरावीक वेतन द्या आणि ते दर महिन्याला द्या. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या महाविद्यालयात मराठी विभागात पूर्णवेळ शिक्षक किती उरले आहेत, हे एकदा प्राचार्यांना जाऊन विचारा.