मंडपातल्या पिक्सेलची दहा वर्षं

यंदा चिंचवडमधल्या एका जुन्या गणेश मंडळाने रोषणाईसाठी आपल्या पोरांना विचारलंसुद्धा नाही. भाड्याचा ट्रक आला, बीम लाइट आणि एलईडी वॉल उतरली, दहा दिवस तीच चित्रं फिरली आणि विसर्जनानंतर ट्रक निघून गेला. याच मंडळाची कमान बघायला एके काळी आकुर्डी-निगडीहून लोक येत. ती उभी करणाऱ्यांत मी होतो, म्हणून ही गोष्ट मनाला फार लागली.

पिक्सेल येण्याआधीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोटारीवर फिरणारा लाकडी ड्रम, त्यावर तांब्याच्या पट्ट्या. पट्टी टेकली की बल्बची एक रांग पेटायची. पुढे 555 आणि 4017 या आयसींवरचे रनिंग लाइट आले. माळ पळायची, पण जितक्या वायरी तितकेच खेळ.

2013-14च्या सुमारास बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून डब्ल्यूएस2812बी या एलईडींची पट्टी आमच्या हातात आली आणि सगळं पालटलं. पाच मीटरमध्ये 300 दिवे, प्रत्येकाच्या पोटात स्वतःची चिप, आणि सगळ्यांना मिळून डेटाची एकच वायर. असा प्रत्येक दिवा म्हणजे एक पिक्सेल. पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा पुढे सरकतो आणि प्रत्येक जण आपली एक काढून घेतो, तसं इथे चालतं. पहिला दिवा आपले 24 बिट ठेवून घेतो, उरलेले पुढच्याला देतो. त्यातही आधी हिरवा, मग लाल, मग निळा. एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद; त्यात पल्स किती वेळ वर राहिली यावर शून्य की एक हे ठरतं. 300 दिव्यांना रंग पोचवायला अर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जेमतेम 9 मिलिसेकंद लागत.

मोरवाडीच्या आयटीआयमध्ये ओहमचा नियम पाठ केलेली पोरं तो नियम मंडपात डोळ्यांनी बघत. पूर्ण पांढरा रंग लावला की एक दिवा 60 मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढतो, म्हणजे अख्खी पट्टी 18 अँपिअर. एकाच टोकाला पाच व्होल्ट जोडले तर दुसऱ्या टोकाचा पांढरा पिवळा पडतो, मग लालसर होतो, कारण व्होल्टेज उतरलं की निळा आधी दगा देतो. मग दोन्ही टोकांना आणि मध्येही सप्लाय द्यायचा, सगळ्यांचे ग्राउंड एकत्र बांधायचे. अर्डुइनो उनोची मेमरी अवघी दोन केबी, दर दिव्याला तीन बाइट. त्यामुळे मोठ्या कमानीला एक बोर्ड पुरत नसे. आणि ऐन आरतीच्या वेळी अर्धी कमान विझली की शिडी लावून शेवटचा पेटता दिवा शोधायचा. दोष त्याच्यात, नाहीतर त्याच्या पुढच्यात. तेवढाच कापायचा, नवा सोल्डर करायचा, वर पावसासाठी सिलिकॉन.

ही पोरं भोसरी-चाकणच्या कंपन्यांत ट्रेनी किंवा कंत्राटी होती. सेकंड शिफ्ट सुटली की बसमधून उतरून थेट मंडपात. चाकणच्या एका कंपनीत आमच्यातला एक जण मुलाखतीला कमानीचा व्हिडिओ घेऊन गेला, तर 'हे गणपतीचं डेकोरेशन झालं' म्हणून तिथल्या साहेबांनी त्याला वाटेला लावलं. कोणत्या ट्रेमधला नट उचलायचा हे दिवा लावून सांगणाऱ्या यंत्रणा असेंब्ली लाइनवर असतात. त्या दुरुस्त करायला नेमकी हीच अक्कल लागते. त्या साहेबांना ते दिसलं नाही, आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. आमच्या कामाला पोरखेळ म्हणत तयार पॅटर्नचं एसडी कार्ड विकणाऱ्या डेकोरेटरांवरचाही नाही.

आमचे बहुतेक प्रोग्रॅम फास्टएलईडी या लायब्ररीवर चालत. डॅनियल गार्सिया आणि मार्क क्रिग्समन यांनी ती लिहून जगाला फुकट दिली. 2 सप्टेंबर 2019ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ कन्सेप्शन नावाची बोट जळाली, 34 जण गेले, त्यांत गार्सिया होते. त्या दिवशी इकडे गणेश चतुर्थी होती. मंडपामंडपात त्यांच्या ओळींवर दिवे चालू होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

2020 आणि 2021चे उत्सव निर्बंधांत गेले. मग वायफायचे बोर्ड आणि त्यांवर चालणारं डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर आलं. फोनवर बोट फिरवलं की शंभराहून जास्त तयार इफेक्ट. ते उत्तम आहे, कोडही उघडा आहे, पण तो उघडून बघणारं पोरगं मंडपात उरलं नाही. पाठोपाठ आली भाड्याची लेझर. 2023मध्ये पुण्याच्या मिरवणुकीत लेझरने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याचं समोर आलं, पुढच्या वर्षी पोलिसांना बंदी घालावी लागली. आमच्या पिक्सेलने कुणाचे डोळे दुखावले नव्हते.

महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेच्या गाड्या आज चाकणला बनतात, आणि त्यांच्या आत रंग बदलणारी रोषणाई आहे. कामं आमच्या दारात आली आणि ती शिकवणारा मांडव मात्र आम्ही भाड्याने देऊन टाकला.

मंडळांच्या अध्यक्षांना माझी हात जोडून विनंती आहे. एलईडी वॉल आणायची तर आणा, पण पुढच्या वर्षी निदान प्रवेशाची कमान आपल्या पोरांकडे द्या. जुलैतच द्या, म्हणजे त्यांना चुकायला वेळ मिळेल. वर्गणीतून पट्ट्या, सप्लाय आणि एक सोल्डरिंग गन घेऊन द्या, आणि मेनचं कनेक्शन तेवढं जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या.