अँटिबायोटिक, जुलाब आणि ती छोटी पुडी

कान दुखतो म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पोराला पाचव्यांदा पातळ शी झाली, असं पुष्कळ घरांत घडतं. औषध रोगजंतूंसोबत आतड्यातले उपकारक जंतूही मारतं. म्हणून काही डॉक्टर प्रोबायोटिकची, म्हणजे उपकारक जिवंत जंतूंची, पुडी लिहून देतात. तिच्यात पुष्कळदा सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट असतं. ते १९२०च्या दशकात फ्रेंच संशोधक आंरी बुलार यांना इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवर सापडलं. ते जिवाणू नसल्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, हीच त्याची खरी खुबी. पुडीत लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू असेल तर मात्र ती अँटिबायोटिकपासून दोनेक तासांच्या अंतराने द्यावी.

कॉक्रेन या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात ३३ अभ्यास तपासले गेले. अँटिबायोटिकसोबत प्रोबायोटिक घेणाऱ्या मुलांपैकी ८ टक्क्यांना जुलाब झाले, इतरांत १९ टक्क्यांना. घरचं दही जरूर द्या, पण त्यातले जंतू कोणते आणि किती, हे ठरलेलं नसतं.

कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला ही पुडी परस्पर देऊ नये; क्वचित हेच जंतू रक्तात शिरतात. जुलाब लागले तर आधी ओआरएस. जीभ कोरडी पडली, लघवी कमी झाली किंवा शीतून रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.