एक गोळी, मग चिंधी

नव्या बॅरलमधून पहिली गोळी सुटली की मित्र लगेच दुसरी भरत नाही. बोल्ट काढून बाजूला ठेवतो, मागून बोअर-गाइड बसवतो आणि सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी सळईने नळीतून आरपार ढकलतो. पहिली चिंधी काजळीने काळी होऊन येते. सॉल्व्हंट जरा मुरू दिला की पुढची निळी. गोळीच्या वेष्टनातलं तांबं नळीला चिकटलेलं असतं. ते अमोनियात विरघळून हा रंग उतरतो. मग दुसरी गोळी, आणि पुन्हा सगळी साफसफाई.

ओहायोतल्या क्लबच्या रेंजवर शेजारच्या बाकावरून मी हे पाहत होतो. रायफल .३०८ विंचेस्टरची, बॅरल हाताने लॅप केलेली. या रिवाजाला इथे ‘ब्रेक-इन’ म्हणतात. त्याचा उपयोग किती, यावर नेमबाजांत जुना वाद आहे.

माझी उमेदवारी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे मला यातलं कापकाम आधी दिसतं. लॅपिंग करताना नळीतच ओतलेला शिशाचा दट्ट्या घासपूड लावून मागे-पुढे सरकवतात. आतले बारीक ओरखडे त्यामुळे गोळीच्या वाटेनेच धावतात. काडतूस बसतं ते चेंबर मात्र त्यानंतर कापतात, आणि चेंबरचा रीमर गोल फिरतो. चेंबर संपून रायफलिंगच्या पिळदार खाचा सुरू होतात तिथल्या निमुळत्या भागावर, म्हणजे थ्रोटवर, तो आडव्या रेघा सोडून जातो. गोळी त्यांवर घासली जाते, तांबं खरवडून निघतं, तप्त वायूबरोबर वाफ होऊन पुढच्या नळीत बसतं. मधे साफ केलं नाही तर थरावर थर चढतो. या रेघा मोडायच्या, आणि त्या मोडेपर्यंत तांबं साचू द्यायचं नाही, एवढाच ब्रेक-इनचा हेतू. बोटभर जागेचं काम आहे हे.

म्हणूनच ‘एकेक करून दहा, मग तीन-तीनच्या फेऱ्या’ असलं ठरीव वेळापत्रक मला पटत नाही. मित्राच्या बॅरलमध्ये चार-पाच गोळ्यांनंतर निळा रंग फिका पडला, आणि तो थांबला. तेच बरोबर होतं. कारखान्यातल्या खडबडीत नळीत रेघा लांबवर पसरलेल्या असतील, तर चार गोळ्यांनी त्या जाणार नाहीत. तिथे रिवाज कितीही पाळला तरी तांबं धरतच राहणार.

विरोधकांचं म्हणणंही हलकं नाही. गेल मॅकमिलन हे नावाजलेले बॅरल-कारागीर ब्रेक-इनला बॅरलचं आयुष्य फुकट घालवणं मानत. .३०८ ची नळी साधारण पाच हजार गोळ्या अचूक चालते, तिथे वीसेक गोळ्या काहीच नाहीत. पण ६.५-२८४ सारखं जहाल काडतूस हजार-दीड हजारातच थ्रोट खाऊन टाकतं. तिथे प्रत्येक गोळी मोजावी लागते. त्याहून मला भीती सळईची वाटते. गाइडशिवाय, घाईने, तोंडाकडून घातलेली सळई नळीच्या तोंडाची कड बिघडवते, आणि ती कड बिघडली की अचूकता गेली. शिवाय चिंधी धरणारा जॅग पितळेचा असेल तर त्यातलं तांबंही निळं उतरतं. स्वच्छ नळीही मग घासत बसावी लागते.

निर्णायक पुरावा मात्र मिळणं कठीण. एकच नळी दोनदा नवी करता येत नाही, आणि शेजारी-शेजारी कापलेल्या दोन नळ्याही सारख्या वागत नाहीत.

तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे या कोल्हापूरच्या नेमबाजांच्या ५० मीटर प्रकारात तांब्याचा हा प्रश्न येत नाही. तिथली .२२ ची गोळी शिशाची, मेणचट वंगण लावलेली. तिथे सगळी मेहनत नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट शोधण्यात जाते.

मित्राच्या बाकावर गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफही होता. नव्या नळीत गोळीचा वेग पहिल्या शे-दीडशे गोळ्यांत अनेकदा वाढतो आणि मग स्थिरावतो. तोपर्यंत बारूदीचं अंतिम माप मित्र ठरवत नाही. चिंधी लवकर आटोपली, तरी हे थांबणं तो टाळत नाही.