मोठे चाक आणि हरवलेला गिअर

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातून पश्चिमेकडे निघालेला आय-७० हा महामार्ग तासाभरात अकरा हजार फुटांवर चढतो आणि आयझेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वताच्या पलीकडे उतरतो. काही टप्प्यांत चढ सात टक्क्यांचा आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेले की रस्ता सात मीटर वर जातो. गेली चौदा वर्षे मी या रस्त्याने दर उन्हाळ्यात डोंगरात तंबू ठोकायला जातो. त्यांतली बरीच वर्षे एकाच गाडीने : २०१२ सालची टोयोटा टॅकोमा. इकडे हिला ट्रक म्हणतात, आपल्याकडे पिकअप म्हणतील. पुढे चार माणसांची जागा, मागे उघडा हौदा.

तीन वर्षांपूर्वी मी ती उंच करून घेतली. कारण शुद्ध व्यावहारिक होते. जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यांवर दगड पोटाला लागत, आणि एकदा तर इंधनटाकीखालचा पत्राच चेपला होता. पुढे उंच स्प्रिंग, मागे पाट्यांमध्ये भर, एकूण तीन इंच वाढ. गाडी उंच झाली तरी एक्सल जिथल्या तिथेच राहतो, त्याला जमिनीपासून वर नेते ते फक्त मोठे चाक. म्हणून मूळ ३०.६ इंच व्यासाचे टायर जाऊन ३२.८ इंचांचे आले. समोर भक्कम बंपर आणि विंच आली. फरक दोन इंचांचा, त्यात काय एवढे, असे मी स्वतःलाच म्हणालो होतो.

त्याच जुलैत आम्ही तिघे सामानासह निघालो. पूर्वी ज्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५५ मैलांनी, म्हणजे ८८ किलोमीटरने, कुरकुरत का होईना पण चढायची, तिथे ती तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पुन्हा तिसऱ्यात अशी चाचपडू लागली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल तापल्याचा दिवा लागला. पण माझी झोप उडाली ती परतीच्या उतारावर. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी आवरेना, ब्रेकवर पाय ठेवावा लागला, आणि जॉर्जटाऊन गावाजवळ काचा खाली केल्यावर ब्रेकचा जळका वास आत आला. मागच्या सीटवरून मुलीने विचारले, "बाबा, हा वास आपल्याच गाडीचा आहे का?"

हाच महामार्ग पुढे डेन्व्हरच्या वेशीवर जिथे सपाटीला लागतो, तिथे एप्रिल २०१९ मध्ये ब्रेक निकामी झालेला मालट्रक थांबलेल्या वाहनांवर आदळून चार माणसे दगावली होती. माझी गाडी त्या ट्रकच्या मानाने खेळणे, हे मान्य. पण ते ठिकाण ओलांडताना त्या दिवशी मी गप्प होतो. दोन इंचांनी नेमके काय हिरावून नेले, हे शोधायचे मी तेव्हा ठरवले.

मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या आत क्राऊन-पिनियन असते. पिनियन हा छोटा दातेरी गिअर प्रोपेलर शाफ्टला जोडलेला. तो क्राऊन या मोठ्या चकतीला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. माझ्या गाडीत क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ३.७३ फेरे मारावे लागतात, हाच एक्सल रेशो. आकडा जितका मोठा तितका चाकावर जोर जास्त आणि त्याच वेगाला इंजिनाची धावपळही जास्त. सायकलच्या मागच्या मोठ्या चकतीवर साखळी टाकल्यावर चढ सोपा होतो पण पाय भराभरा मारावे लागतात, तोच हिशेब.

दात्यांच्या संख्येतली एक गंमत इथेच सांगून टाकतो. ४० आणि १० दाते घेऊन सरळ ४ हा रेशो का करत नाहीत? कारण मग पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या त्याच त्या चार दातांना आयुष्यभर भेटत राहील आणि एकाची खोड दुसऱ्यात उतरेल. ४१ ही मूळ संख्या. ४१ आणि १०, ४१ आणि ९ अशी जोडी असली की प्रत्येक दात दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक दाताला भेटून येतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. म्हणून बाजारात ४.१०, ४.५६, ४.८८ (३९ भागिले ८) असे अवघडलेले आकडे मिळतात.

आता मोठे चाक. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते आणि टायर जमिनीला ज्या जोराने मागे रेटतो तो जोर त्याच प्रमाणात घटतो, कारण तरफेचा दांडा लांब झाला. ३२.८ भागिले ३०.६ म्हणजे १.०७. माझा ३.७३ चा रेशो गुपचूप सुमारे ३.४८ झाला होता. हे भरून काढायचे तर ३.७३ ला १.०७ ने गुणा, उत्तर येते ४.००. बाजारात जवळचा आकडा ४.१०. त्रैराशिक संपले, गाडी पूर्ववत. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबणार होतो.

पण मग ब्रेकचा वास सात टक्क्यांमुळेच आला, असे म्हणावे लागेल, आणि ते मनाला पटेना. म्हणून मी चढाचा हिशेब मांडला. सामानासकट माझी गाडी सुमारे २६०० किलो भरते. सात टक्के चढावर गुरुत्वाकर्षण तिला साधारण १८० किलोच्या जोराने मागे ओढते. टायरचे घर्षण सुमारे ४० किलो आणि ताशी ५५ मैलांना वाऱ्याचा विरोध आणखी तितकाच. एकूण मागणी २६० किलोची.

पुरवठा किती? चार लिटरच्या या इंजिनाचा टॉर्क कागदावर ४००० फेऱ्यांना ३६० न्यूटन-मीटर. तो समुद्रकाठचा. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावते. बोगद्यापाशी तिसरा हिस्सा हवेतच गेलेला असतो. उरले २४० च्या आसपास. गिअरबॉक्समधले पाच रेशो अनुक्रमे ३.५२, २.०४, १.४०, १.०० आणि ०.७२. तिसऱ्या गिअरचा १.४०, एक्सलचा ३.७३, वाटेतली पंधरा टक्के गळती आणि त्या वेगाला मिळणारे इंजिनाचे फेरे हे सगळे धरले, तर जुन्या टायरवर चाकाशी सुमारे २७० किलोचा जोर मिळतो. मागणी २६०. जेमतेम भागते. नव्या टायरवर मिळतो २५० किलो. तिसरा गिअर हरला, म्हणून गिअरबॉक्स दुसऱ्यात जातो. तिथे इंजिन ४३०० फेऱ्यांवर किंचाळते, जोर गरजेपेक्षा जास्त होतो, गाडी जरा वेग घेते, की गिअरबॉक्स पुन्हा तिसरा टाकून पाहतो. हा खेळ चढ संपेपर्यंत. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरचे कुलूपही वारंवार उघडते, आणि उघड्या कन्व्हर्टरमध्ये ऑईल घुसळून घुसळून तापते. दिव्याचा उलगडा झाला.

म्हणजे टायरने माझे सात टक्के नेलेच नव्हते. त्याने एक अख्खा गिअर नेला होता. काठावर उभ्या असलेल्या माणसाला ढकलायला कितीसा जोर लागतो?

शिवाय मागणीचा आकडाही जुना राहिला नव्हता. बंपर, विंच आणि इतर लोखंड मिळून पावणेदोनशे किलो वाढले होते. उंच गाडी वारा अधिक अडवते. नवे टायर जाड बांधणीचे, प्रत्येकी सात-आठ किलोने जड, आणि ते वजन परिघावर असल्याने फिरवायला आणि थांबवायला अधिक कष्ट. ४.१० ने मला २०१२ सालची गाडी परत मिळाली असती, पण ती गाडी आता अस्तित्वातच नव्हती.

४.५६ घातला तर तिसऱ्या गिअरमध्ये जोर ३२० किलोपर्यंत जातो आणि फेरे ३६०० होतात, जिथे हे इंजिन खुशीत असते. ४.८८ घातला तर त्याहून अधिक. मग ४.८८ च का नको? इथे सपाटीचा विचार येतो. मैल आणि इंच वापरणाऱ्या या देशात एक सोपे सूत्र आहे : ताशी मैल गुणिले ३३६, गुणिले गिअर, गुणिले एक्सल रेशो, भागिले टायरचा व्यास. (मैलाचे इंच करून त्याला ६० ने आणि पायने भागले की ३३६ येतात.) पाचव्या गिअरमध्ये ६५ मैलांना मूळ गाडीचे फेरे १९००, मोठ्या टायरवर १७८०, ४.५६ वर २१७०, ४.८८ वर २३३०. यांत कोणताच आकडा इंजिनाला घातक नाही. पण ४.८८ च्या पिनियनला दाते आठच, त्याचे डोके लहान, आणि एका वेळी एकमेकांत अडकलेले दाते कमी. माझा निम्मा प्रवास पूर्वेकडच्या कॅन्ससच्या सपाटीवर होतो. ३३ ऐवजी ३५ इंचांचे टायर असते, किंवा मागे कॅराव्हॅन ओढायची असती, तर मी ४.८८ च घेतला असता. कोष्टकात टायरचा व्यास पाहून रेशो निवडणाऱ्यांना माझे एकच विचारणे असते : तुमचा सर्वांत वाईट चढ कोणता, आणि तो तुम्हाला कोणत्या गिअरमध्ये चढायचा आहे?

उताराचे उत्तर मात्र सूत्रातून आले नाही. माझे मामा तीस वर्षे पुणे-कोल्हापूर मालट्रक चालवत. फोनवर मी हे सगळे सांगितले तर म्हणाले, "अरे, खंबाटकी ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतरायची. एवढं तर क्लीनरलाही ठाऊक असतं." त्यांच्या काळी डिझेल वाचवायला घाट न्यूट्रलवर उतरणारे होते, आणि त्यांतले काही कुठे सापडले तेही त्यांनी सांगितले. मामांचा नियम आणि माझे गणित एकच आहे. पाय काढल्यावर इंजिन चाकांना जे अडवते तेही याच रेशोतून गुणून जाते. ३.७३ वरून ४.५६ म्हणजे त्याच गिअरमध्ये इंजिनाचा फेऱ्यांमागचा लगाम बावीस टक्क्यांनी घट्ट. वर फेरे वाढल्याने इंजिनाची स्वतःची ओढही वाढते. ब्रेकची गोष्ट वेगळी. मोठ्या चाकापुढे तीच ब्रेक डिस्क सात टक्क्यांनी दुबळी ठरते, आणि कोणताही एक्सल रेशो तिला सबळ करत नाही. म्हणूनच तिचे काम इंजिनाने वाटून घेणे गरजेचे.

काम करून घेताना एक धडा विकत घेतला. फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा, नाहीतर चारही चाके जोडताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. मागचा डिफरन्शियल एक्सलमधून अख्खा बाहेर निघतो. पुढचा मात्र गाडीखालून संपूर्ण उतरवावा लागतो. दोन्हींत पिनियन किती आत बसवायचा आणि दातांमध्ये किती मोकळीक ठेवायची, हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजून, दातांना पिवळा रंग लावून, ठसा कुठे उमटतो ते पाहून ठरते. ज्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेलो तिथे हे घाईत झाले. पन्नास मैलांच्या वेगाला पाय काढला की मागून भुंग्यासारखा आवाज येई. दुसऱ्या कारागिराने पुन्हा उघडून बसवून दिले. एकूण अडीच हजार डॉलर गेले, दुरुस्तीचे निराळे. पहिले पाचशे मैल ओझे न लादता हळू चालवून ऑईल बदलले. जुन्या ऑईलमध्ये चमकणारी बारीक कणी होती, ती अपेक्षितच.

मायलेजबद्दल सगळे विचारतात. मोठे टायर घातल्यावर माझी वही गॅलनला १९ वरून १६ मैल दाखवू लागली. पण माझ्या गाडीत वेग आणि अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून मोजले जाते, म्हणजे मीटरवर १०० मैल झाले तेव्हा गाडी १०७ चालली होती. खरा आकडा १७. याच न्यायाने मीटरवर ६५ असताना खरा वेग ७० च्या घरात असतो. ४.५६ नंतर मायलेज तसेच राहिले, घाटात उलट जरा सुधारले.

नाशिकचे माझे एक स्नेही आपल्या थारसाठी हे विचारत होते. त्यांना आधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचायला सांगितले. आपल्याकडे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी टायरचे माप पाहते.

गेल्या ऑगस्टमध्ये त्याच चढावर, तितक्याच सामानासह, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली ती बोगद्यापर्यंत तिथेच राहिली. उतरताना जॉर्जटाऊनला थांबून डिस्कजवळ हात नेला. गरम होत्या, वास नव्हता. एक त्रुटी मात्र बाकी आहे. हौद्याखालचे पाचवे चाक अजून जुन्या ३०.६ इंचांचे. एकाच एक्सलवर लहान-मोठी चाके आली की डिफरन्शियलचे आतले गिअर सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतात, आणि फोर-व्हील तर लावताच येत नाही. पंक्चर अर्थात कच्च्या रस्त्यावरच होते, जिथे फोर-व्हील लागते. पाचवा टायर पुढच्या महिन्याच्या यादीत लिहून ठेवला आहे.