पॉइंट रिकामा ठेवायचा नाही

सुरक्षा रक्षकाच्या नोकरीत पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानावर घातली जाते: पॉइंट रिकामा ठेवायचा नाही. रिलीव्हर येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. तो आलाच नाही तर ‘डबल’ मारायची, म्हणजे बारा तासांवर आणखी बारा. एजन्सी पन्नास माणसांची असो की देशभर पसरलेली, ग्राहक पैसे मोजतो ते या एका गोष्टीसाठी. २०२० च्या मार्चनंतर, कोविडच्या साथीत, नेमकी हीच शिस्त जिवावर उठली. रिकाम्या पॉइंटपेक्षा अंगात ताप घेऊन उभा असलेला रक्षक जास्त धोक्याचा होता, आणि हे उमगायला एजन्सीवाल्यांना, ग्राहकांना आणि माझ्यासारख्या सोसायटीच्या सेक्रेटरीला बरेच आठवडे लागले.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमची दोन इमारतींची सोसायटी आहे. त्या काळात सेक्रेटरीपद माझ्याकडे होतं, त्यामुळे एजन्सीचा कारभार जवळून पाहायला मिळाला. एजन्सी लहान, मालक सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पुढे दिवाळी अंकासाठी या विषयावर लिहायचं ठरवलं तेव्हा इस्पितळं, मॉल, एटीएमच्या गाड्या अशा ठिकाणी काम केलेल्या फील्ड ऑफिसरांशी आणि रक्षकांशीही बोललो. प्रत्येकाची हकीकत वेगळी, पण बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर यायचं: रिलीव्हर कुठून आणायचा?

कागदावर अडचण काहीच नव्हती. केंद्रीय गृह मंत्रालयाने २४ मार्च २०२० ला टाळेबंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात बँका, एटीएम, पेट्रोल पंप, शीतगृहं यांच्याबरोबर खासगी सुरक्षा सेवेलाही सूट होती. पण त्याच्या आदल्या दिवसापासून मुंबईची लोकल थांबली होती. आणि इथला रक्षक राहतो नालासोपाऱ्याला, दिव्याला, टिटवाळ्याला. ड्यूटी पवईला, अंधेरीला, घोडबंदरला. १५ जूनला लोकल पुन्हा धावू लागली ती अत्यावश्यक सेवेतल्या ठरावीक कर्मचाऱ्यांसाठी. गणवेश आणि ओळखपत्र दाखवून खासगी रक्षकांना गाडीत चढता आलं तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. मधले सात महिने सूट मिळालेल्या माणसाला कामावर पोहोचायचं साधनच नव्हतं. कुणी सायकली घेतल्या. कुणी भाजीच्या टेम्पोतून आले. दिव्याहून कापूरबावडीपर्यंत रोज चालत येणारा एक जण आमच्याकडेच होता, आणि हे आम्हाला कळलं पंधरा दिवसांनी, त्याच्या बुटाचा तळ सुटला तेव्हा.

सुभेदारसाहेबांनी मार्च संपायच्या आत एक प्रस्ताव आणला. रक्षकांना साइटवरच राहू द्या. सहा जण, तीन-तीनच्या दोन टोळ्या. एका टोळीचा दुसऱ्या टोळीशी संबंध नाही: झोप वेगळी, जेवण वेगळं, संडास वेगळा. “एका टोळीत शिरला तर तीन जातील, साहेब. सहा गेले तर गेटला कुलूप लावायलाही कुणी उरणार नाही,” ते म्हणाले. पलटणीत शिकलेला हिशेब असावा. पुढे पाहिलं तर ज्या एजन्सींनी ती दोन वर्षं बरी काढली, त्या बहुतेकांनी आपापल्या परीने हेच केलं होतं. माणसं बांधून घ्यायची, अदलाबदल करायची नाही. ज्यांनी सवयीप्रमाणे एकाच रिलीव्हरला आज या साइटवर आणि उद्या त्या साइटवर पाठवलं, त्यांचा रिलीव्हरच घरोघर आजार पोहोचवू लागला.

आमच्या कमिटीत यावर वाद झाला. क्लबहाऊस द्यायला विरोध होता. ‘आपल्या मुलांच्या खेळायच्या जागेत’ हे शब्द मी स्वतः ऐकले आणि त्या वेळी मी गप्प राहिलो. शेवटी एका इमारतीचं क्लबहाऊस आणि दुसरीचं सोसायटी ऑफिस असं देणं झालं. गॅसची शेगडी आली, तांदूळ-डाळ आली. एका टोळीत संगमेश्वरकडचे एक वयस्क मामा आणि जौनपूरची दोन पोरं. मामांना भाताशिवाय चालेना, पोरांना पोळीशिवाय. आठवड्याभरात मामा कणीक मळायला शिकले.

आता ड्यूटी बदलण्याची गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण धोका खरा तिथे होता. गेटवरची केबिन चार फूट बाय चार. सकाळी आठला आणि रात्री आठला तिच्यात दोन माणसं एकदम असायची. जुना नव्याला रजिस्टर दाखवणार, किल्ल्या मोजून देणार, टॉर्च, वॉकीटॉकी आणि शिट्टी हातात ठेवणार, वर चहा. पावसाळ्यात खिडकी बंद. यातली शिट्टी पाहा. एका साइटला एकच शिट्टी, वर्षानुवर्षं एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात गेलेली. आम्ही गेटवर सॅनिटायझरच्या बाटल्या टांगल्या, लिफ्टच्या बटणांवर प्लास्टिक चिकटवलं, आणि त्या शिट्टीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ते गेलं सुभेदारसाहेबांचं. त्यांनी प्रत्येकाला वेगळी शिट्टी दिली आणि दोरीला नावाची पट्टी बांधली. मग केबिनबाहेर चुन्याच्या फक्कीने सहा फुटांवर दोन रेघा मारल्या. मधे एक स्टूल. जाणारा माणूस सामान पुसून स्टुलावर ठेवणार आणि आपल्या रेघेमागे जाणार. मग येणारा पुढे होऊन उचलणार. रात्रीत काय घडलं ते मोठ्याने, मोकळ्या हवेत सांगायचं. बोटाच्या ठशाची हजेरी बंद, मस्टरवर सही प्रत्येकाने आपल्या पेनाने. या सगळ्याला खर्च आला शिट्ट्यांचा आणि चुन्याचा.

उलट ज्यावर बेसुमार खर्च झाला, ती तापमान मोजायची ‘गन’ फारशी कामाची नव्हती. लक्षणं नसलेला बाधित माणूस तिच्यातून सहज निसटायचा. मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं, एसी गाडीतून उतरलेल्याचं गार, त्यामुळे आकडा दोन्हीकडे फसवा. निर्जंतुकीकरणाच्या फवाऱ्याचे बोगदे ठिकठिकाणी उभे राहिले होते. माणसांवर अशी फवारणी करू नका, ती अपायकारक आहे, असं आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० ला सांगावं लागलं. तरीही गनने एक केलं: गेटवरचा रक्षक आरोग्य खात्याचा बिनपगारी माणूस होऊन बसला. मास्क लावा सांगायचं त्याने, पाहुण्याला परत पाठवायचं त्याने, पार्सल हातात घ्यायचं त्याने आणि शिव्या खायच्या त्यानेच. चांगल्या एजन्सींनी याची तालीम घेतली. हात लांब ठेवून, बाजूला उभं राहून मोजायचं. हुज्जत घालायची नाही. माणूस ऐकत नसेल तर सेक्रेटरीला फोन. मला रोज तीन-चार फोन यायचे. ते मलाच यायला हवे होते, कारण नियम आम्ही केला होता.

एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाड्यांची तऱ्हा निराळी. ड्रायव्हर, कस्टोडियन आणि बंदूकधारी ही माणसं बंद गाडीत तासन्‌तास खेटून बसतात, आणि सुरक्षेसाठी त्या गाडीच्या काचा उघडता येत नाहीत. विषाणूला हवा बंद हवी, दरोडा टाळायलाही गाडी बंदच हवी. यातून निघालेली वाट पुन्हा तीच: तीच माणसं रोज एकत्र, त्याच गाडीत, त्याच मार्गावर. खरं म्हणजे एरवी या धंद्यात माणसं आणि मार्ग मुद्दाम बदलत ठेवतात, कारण संगनमताचं भय असतं. साथीच्या काळात कंपन्यांनी एक जोखीम कमी करायला दुसरी पत्करली आणि हिशेबाची तपासणी कडक केली.

इस्पितळातल्या रक्षकांबद्दल मात्र थोडक्यात लिहिणं जमत नाही. मॉल, थिएटर, कार्यालयं बंद, त्यामुळे तिथली माणसं रिकामी. आणि इस्पितळं, विलगीकरण केंद्रं, बीकेसी-वरळी-गोरेगावची जम्बो केंद्रं यांना माणसं हवी होती. राज्यातले मॉल ५ ऑगस्टला उघडेपर्यंत अनेक रक्षकांची बदली झाली ती काचेच्या दारातून थेट कोविड वॉर्डाच्या दारात. मॉलमधल्याला बॅग तपासायची सवय. इथे पीपीई किट चढवायला शिकायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरवायला. लागण होते ती उतरवताना, थकलेल्या हातांनी घाई केली की. काही ठिकाणी दोघांची जोडी लावली: एक उतरवतो, दुसरा लांबून पाहतो आणि चुकला की थांबवतो. सहा तास किट, मधे पाणी नाही, लघवी नाही. तिथे बारा तासांची ड्यूटी चालणं शक्यच नव्हतं, म्हणून कुठे कुठे ती प्रथमच मोडली. आणि नातेवाईक. वॉर्डात कुणाला सोडत नसत, म्हणून आतल्या माणसाचं काय झालं हे विचारायला लोक दारातल्या रक्षकाकडेच यायचे. अशा दारावर उभ्या राहिलेल्या एका तरुणाने मला सांगितलं की त्याला उत्तर द्यायची परवानगी नव्हती, तरी एका बाईला तो रोज सांगायचा, ‘ताई, पिशवी पोचवली.’ पिशवीत घरची पेज असायची.

आता पैशाकडे येतो. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. महिन्याच्या सुरुवातीला पगार वाटायचा आणि ग्राहकाचं बिल पुढच्या दीड-दोन महिन्यांनी वसूल करायचं, या उधारीवर एजन्सी चालते. टाळेबंदीत बंद पडलेल्या साइटनी बिलं अडवली. पगार कापू नका असा गृह मंत्रालयाचा २९ मार्चचा आदेश होता, पण १८ मेपासून तोही उरला नाही. अशा वेळी रक्षकाला ताप आला तर तो काय करेल? गोळी घेईल आणि ड्यूटीवर येईल. काम नाही तर दाम नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण त्याआधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एजन्सी बदलत, गावी जात-येत राहणाऱ्या माणसाचे ते दिवस भरतातच असं नाही. शिवाय कागदपत्रं, दवाखान्याची रांग. ताप लपवण्यात त्याचा काही दुष्टपणा नव्हता, घरभाडं होतं.

सुभेदारसाहेब एप्रिलमध्ये माझ्याकडे आले ते याचसाठी. चौदा दिवस वेगळं ठेवलेल्या माणसाचा पूर्ण पगार अर्धा एजन्सी देईल, अर्धा सोसायटीने द्यावा. आणि बिलात आणखी एका जादा माणसाची सोय. एरवीचं गणित असं की सहा पॉइंटना एक रिलीव्हर, कारण सहा जणांच्या सहा साप्ताहिक सुट्ट्या सातवा माणूस भरून काढतो. त्यात आजारपणाला जागाच नसते. आम्ही आधी नाही म्हणालो. मे महिन्यात मामांना ताप आला. त्यांनी तो दोन दिवस लपवला. तिसऱ्या रात्री राऊंडला जाताना ते जिन्यात बसले ते उठेनात. बाकीचे दोघेही बाधित निघाले. दुसरी टोळी वाचली. त्यानंतरच्या बैठकीत ठराव पाच मिनिटांत झाला. मामा अठरा दिवसांनी भिवंडी बायपासच्या विलगीकरण केंद्रातून परत आले, आणि जून-जुलैत आमच्याकडे दोघांनी स्वतःहून येऊन सांगितलं, ‘सर, अंग कसकसतंय.’ गनने हे कधीच सांगितलं नसतं.

मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटू लागल्या तसे उत्तरेकडचे रक्षक गावी निघाले. त्यांच्या जागी हॉटेलातले वेटर, रिक्षावाले, बंद कारखान्यातले कामगार गणवेश चढवून उभे राहिले. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे, १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्षातलं. त्या दिवसांत अनेकांना एक दुपार मिळाली. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने स्थापन झालेली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत; तिथे नोंदलेल्या रक्षकाचं वेतन आणि त्यावरची लेव्ही मालक मंडळाकडे भरतो, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, रजा यांचा हिशेब एका जागी राहतो. माथाडींच्या १९६९ च्या कायद्याचा हा धाकटा भाऊ. खासगी एजन्सीकडच्या माणसाचा हिशेब मात्र दर कंत्राटाबरोबर नव्याने सुरू होतो. साथीत हा फरक घराघरात जाणवला.

लसीची वेळ आली तेव्हाही गेटवरचा माणूस रांगेत मागेच होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आघाडीच्या कर्मचाऱ्यांत पोलीस, गृहरक्षक, सफाई कामगार आले. सोसायटीचा रक्षक कोणत्याच यादीत नव्हता. पंचेचाळिशीपुढच्यांना १ एप्रिलला, अठरापुढच्यांना १ मेला दार उघडलं. रक्षक बहुतेक तरुण, आणि दुसरी लाट त्याआधीच येऊन ठेपली होती. जून २०२१ मध्ये राज्य विमा महामंडळाने कोविडने गेलेल्या विमाधारकांच्या कुटुंबांसाठी सरासरी वेतनाच्या ९० टक्के निवृत्तिवेतनाची योजना आणली. त्यासाठीही वर्गणीचे दिवस मोजले जात होतेच. आमच्या सुभेदारसाहेबांच्या एजन्सीने दुसऱ्या लाटेत दोन माणसं गमावली, दोन्ही दुसऱ्या साइटवरची. एकाचे कागद पुरे होते. दुसऱ्याचे व्हावेत म्हणून ते ऑगस्टभर खेटे घालत होते.

चुन्याच्या रेघा पावसात धुऊन गेल्या. क्लबहाऊसमध्ये पुन्हा टेबल टेनिस सुरू आहे. शिट्ट्या अजून प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत. पुढच्या वर्षीच्या कंत्राटाचा मसुदा आला तेव्हा आजारपणाच्या पगाराचं कलम त्यात नव्हतं. खर्च कमी करा असं आम्हीच सांगितलं होतं, म्हणून एजन्सीच्या ऑफिसने ते वगळलं होतं. मी ते पेनाने परत लिहिलं आणि वार्षिक सभेत वाचून दाखवलं. एका सदस्याने विचारलं, साथ संपली ना आता? मामा दारापाशी हजेरीचं रजिस्टर घेऊन उभे होते. हात मोजले. कलम राहिलं, तीन मतांनी.